माल दुप्पट निघाला, तर मूल्यही दुप्पट होतं का?

तुम्ही विचारलंय: नव्या यंत्रामुळे कामगार तेवढ्याच वेळात दुप्पट माल काढू लागला, तर मार्क्सच्या हिशेबाने मूल्यही दुप्पट व्हायला नको का? आणि होत नसेल, तर मालक यंत्रात पैसा घालतोच कशाला?

नाही, होत नाही. मूल्य श्रमाच्या वेळेवर ठरतं, नगांवर नाही. मीही बरेच दिवस इथेच अडकलो होतो. कागदावर आकडे मांडले तेव्हा कुठे सुटलं, म्हणून तेच मांडतो.

दहा तासांत दहा मीटर कापड निघतं (सूत आणि यंत्राची झीज तूर्त बाजूला ठेवू). म्हणजे मीटरमागे एक तास. एका मालकाने नवा माग आणला आणि दहा तासांत वीस मीटर निघू लागलं. बाकीचे अजून जुन्याच मागावर आहेत, त्यामुळे बाजारात मीटरला एक तासच धरला जातो. हा पाऊण तासाच्या भावाने विकतो. वीस मीटरमागे पंधरा तास वसूल, खर्ची पडले दहाच. वरच्या पाच तासांसाठीच तो यंत्र घेतो.

मग इतरांनाही ते घ्यावंच लागतं. सगळ्यांकडे आलं की मीटरचं मूल्य अर्ध्या तासावर उतरतं, वीस मीटरचे पुन्हा दहाच तास होतात आणि पहिल्याचा जादा नफा संपतो. मागे राहिलेल्याचे हाल मात्र वाईट. इंग्लंडमध्ये यंत्रमाग आल्यावर हातमागवाला पूर्वीइतकाच राबत होता, हातातलं कसबही तेच, पण त्याच्या तासाभराच्या श्रमाला अर्ध्या तासाचंच मोल उरलं. मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१८६७) हे उदाहरण अगदी सुरुवातीलाच येतं.

मग एकूण मालकवर्गाला काय मिळतं? समजा, दहातले सहा तास मजुरी भरून काढण्यात जातात आणि चार तास वरकड, म्हणजे मालकाच्या वाट्याचे. कामगाराच्या गरजेच्या वस्तू स्वस्त झाल्या की सहाचे पाच होतात, वरकडही पाच. दिवस तेवढाच, मजुरीत मिळणाऱ्या वस्तूही तेवढ्याच, तरी मालकाचा वाटा वाढला. हेच सापेक्ष वरकड मूल्य. फक्त चैनीच्या वस्तू स्वस्त झाल्या तर हे घडत नाही.

आणखी एक गफलत फार होते, ती उत्पादकता आणि श्रमाची तीव्रता एकच समजण्याची. १८४७ च्या कायद्याने इंग्लंडच्या कापड गिरण्यांत स्त्रिया आणि किशोरांचा दिवस दहा तासांवर आला. मालकांनी यंत्रांचा वेग वाढवला, एकेकाकडे जास्त माग सोपवले. चांगल्या यंत्राने त्याच श्रमात जास्त माल निघतो. इथे त्याच तासात जास्त श्रम दाबून भरले होते. ताशी उत्पादनाच्या आकड्यात दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून तो आकडा वर गेला की एका माणसाकडे किती यंत्रं आली, त्यांचा वेग किती वाढला आणि मधली सुट्टी किती उरली, हे मी आधी शोधतो.