अबार्थ देऊन नवीन घ्यावी का? दारव्ह्याच्या भाऊंसाठी लांबलचक उत्तर

भाऊ, प्रश्न वाचला अन् त्याखालचे सल्लेही वाचले. अर्धे म्हणून राहिले असली गाडी परत भेटत नाही, विकू नका, अन् अर्धे म्हणून राहिले कंपनीच गेली तं आता कशाला धरून बसता. मी माझ्या परीनं सांगतो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

आत्ताच वाचायला आलेल्यांसाठी थोडक्यात. भाऊंकडे २०१६ ची अबार्थ पुंटो आहे, म्हणजे फियाटच्या पुंटोचं जोरदार टर्बो रूप, स्वतः शोरूममधून काढलेली, घरात तेवढी एकच चारचाकी. दारव्हा ते यवतमाळ रोजचं जाणं-येणं, पोरगी आता शाळेत जाते, वहिनींना गाडी शिकायची आहे, अन् नागपूरच्या एका शोरूमनं फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटीवर एक्स्चेंजचा जो आकडा सांगितला तो ऐकून भाऊंचं डोकं सटकलं. तं आता जुनी देऊन नवीन घ्यावी का, हे विचारून राहिले.

माझं म्हणणं असं की तुम्ही दोन वेगवेगळे प्रश्न एकात गुंडाळले, अन् त्यात फायदा फक्त शोरूमवाल्याचा आहे. अबार्थ ठेवायची का, हा एक प्रश्न. घराला दुसरी, भरवशाची गाडी लागते का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर हो आहे, त्यावर चर्चाच नको. पहिल्याचं उत्तर मात्र इथं कोणी देऊ शकत नाही, गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय ते भेटतच नाही.

मी आर्वीकडचा, माझ्याकडे फियाटचीच लिनिया टी-जेट आहे (टी-जेट म्हणजे फियाटचं टर्बो पेट्रोल इंजिन). इंजिन तुमच्याच घराण्यातलं, १.४ लिटर टर्बो, फक्त माझ्यात ताकद ११४ पीएस अन् तुमच्यात १४५ पीएस, ओढ (टॉर्क) २१२ एनएम. त्यामुळं पार्ट शोधायची कवायत मला पाठ आहे. फियाटनं २०१९ मध्ये इथला गाशा गुंडाळला, पुंटो गेली, लिनिया गेली, रांजणगावचा कारखाना चालू आहे पण तिथून आता जीप निघतात. फियाटची सर्व्हिस जीपच्या वर्कशॉपकडे गेली अन् आपल्याकडून पाहिलं तं त्याचा अर्थ नागपूर गाठणं. गावातला मिस्त्री फियाटचं १.३ डिझेल डोळे झाकून खोलते, कारण तेच इंजिन स्विफ्ट अन् डिझायरमध्ये वर्षानुवर्षं होतं. टी-जेट आलं की तो बोनेट उघडून आधी फोटो काढते अन् मग म्हणते भाऊ नागपूरलाच न्या.

फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड हे सगळं भेटते, पुण्याहून कुरिअरनं येते, चार दिवस इकडे तिकडे. खास अबार्थचं जे आहे, म्हणजे ते १६ इंची अलॉय, बुटके स्प्रिंग, टर्बोचं सामान, तिथं मात्र वाट पाहावी लागते अन् कधी कधी दुसऱ्याच्या ठोकलेल्या गाडीवरून काढून आणावं लागते. आता मुद्द्याचं बोलतो. माझी लिनिया पार्टसाठी महिनाभर शेडमध्ये उभी राहिली तरी घरात कोणाचं काही अडत नाही, कारण दारात बोलेरो आहे. तुमची अबार्थ आठ दिवस उभी राहिली तं पोरगी एसटीनं, तुम्ही मोटरसायकलनं, अन् त्यात घरात कोणी आजारी पडलं रात्री तं शेजाऱ्याचं दार वाजवा. मागं कंपनी नसलेली गाडी एकटी घर नाही चालवू शकत भाऊ. ती किती चांगली आहे याचा इथं काही संबंध नाही.

आता ती ठेवण्यालायक आहे का ते कसं पाहायचं.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले वाल्व वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा. या इंजिनला चेन नाही, बेल्ट आहे, अन् तो तुटला तं वाल्व वाकतात अन् इंजिनचं हेड खोलावं लागते, मग खर्चाचा आकडा विचारूच नका. पुष्कळ लोक फक्त किलोमीटर पाहतात, म्हणतात माझी तं पन्नास हजारही नाही झाली. रबर आहे ते, वर्षानं म्हातारं होते, त्यातही आपल्याकडचा मे महिना, ४५ डिग्रीत बोनेटखाली काय होत असेल ते पाहा. बदलल्याचं बिल नसेल तं बदललाच नाही असं धरा, अन् बेल्टसोबत टेन्शनर अन् वॉटर पंप एकाच वेळी करा, मजुरी एकदाच लागते.

मग टर्बो. याला स्कॅनर लागत नाही, हात काळे करायची तयारी लागते. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी थंड इंजिनवर इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी पाइप सोडा अन् आतून बोट फिरवा. हलकासा ओलेपणा चालते, सगळ्या टर्बो गाड्यांत असते. बोट तेलानं चपचपीत झालं तं टर्बोचं सील संशयाखाली. मग गाडी सुरू करा, पाचेक मिनिटं आयडलवर राहू द्या अन् एकदम रेस द्या, मागं कोणाला तरी उभं करा. निळसर धूर निघाला की समजा तेल जळून राहिलं. काळा धूर असेल तं घाबरू नका, ती दुसरी भानगड, सेन्सर वगैरे असू शकते. अन् कूलंटचे पाइप दाबून पाहा, कडक झाले असतील किंवा तोंडाशी पांढुरका थर बसला असेल तं सगळे बदला, एकेक करत बसू नका. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी टाकणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत, तुम्ही तसं केलं नसेल अशी आशा.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असते, पहिले दोन आकडे आठवडा अन् नंतरचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षांच्या वरचे असतील तं नक्षी कितीही शाबूत दिसो, कारंज्यावरून समृद्धीला लागायचं नाही. उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर १२० नं सलग पळताना जुनं टायर फुटलं की १४५ पीएस काही कामाचे नाहीत.

अन् उंदीर. हसू नका, कापसाच्या दिवसात गोठ्याशेजारी उभी राहणारी गाडी म्हणजे त्यांची सोयच. वायरिंगचा मुख्य जुडगा एकदा टॉर्च मारून पाहा. जुन्या फियाटचं वायरिंग जोडणारा माणूस शोधणं हे टर्बोवाला शोधण्यापेक्षा अवघड आहे.

पेट्रोलबद्दल कोणीतरी खाली विचारलं होतं. २०२३ च्या आधीच्या गाड्या ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, धरून बनवलेल्या नाहीत, अन् पंपावर आता तेच आहे. मायलेज थोडं पडते, ते सहन होते. जास्त काळजी उभ्या गाडीची, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढते, पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून दोन महिने झाकून ठेवलेली गाडी मग नखरे करते. ठेवणार असाल तं दर आठवड्याला फिरवा अन् रबरी फ्युएल पाइपवर लक्ष ठेवा.

पंधरा वर्षांनी सरकार भंगारात नेते, हा जो पारावरचा समज आहे तो डोक्यातून काढून टाका. तो नियम दिल्लीकडचा. आपल्याकडे फिटनेस करून, फी अन् पर्यावरण कर भरून पुढं पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढते, अन् तुमची पंधरा वर्षं तसंही २०३१ ला होतात. एचएसआरपी, म्हणजे ती नवी सुरक्षा नंबरपाटी, राहिली असेल तं तेवढी लावून घ्या.

आता एक्स्चेंजच्या आकड्याबद्दल. राग येणं बरोबर आहे पण त्यात नवल काही नाही. शोरूमच्या हिशोबात तुमची गाडी म्हणजे "फियाट, पेट्रोल, नऊ-दहा वर्षं, कंपनी बंद". बोनेटवरच्या विंचवाची किंमत त्यांच्या तक्त्यात शून्य आहे. (तो विंचू तिथं काऊन आहे माहीत आहे ना, कंपनी काढणाऱ्या कार्ल अबार्थची रास वृश्चिक होती. १९४९ मध्ये इटलीत बोलोन्याला कंपनी निघाली तेव्हापासून तो चिन्हात आहे. आमच्याकडे एका पानठेल्यावर "इच्चूवाली गाडी" एवढंच नाव आहे तिचं.) पण पुण्या-मुंबईला, बंगळुरूला अशी गाडी मुद्दाम शोधणारे लोक आहेत, अन् त्यांना विदर्भातली गाडी आवडते, कारण आपल्याकडे समुद्राची खारी हवा नाही, खालचा पत्रा गंजलेला नसते. खालून काढलेले चांगले फोटो, सगळी बिलं अन् दोन्ही चाव्या दाखवल्या तं शोरूमच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त किंमत येते. वेळ लागते, दोन-तीन महिने धरा. एक्स्चेंज बोनस म्हणून जे वर देतात ते आधी जुनीच्या किमतीतून कापलेलं असते, म्हणून नवीन गाडीचा भाव एक्स्चेंज न सांगता वेगळा काढा, मग फरक दिसते.

विकलीच तं दोन गोष्टी. फॉर्म २९ अन् ३० वर सह्या करून मोकळं व्हायचं नाही, आरसी खरंच नावावर झाली का ते परिवहनच्या ॲपवर स्वतः पाहायचं. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक, म्हणजे नवीन माणसानं ॲक्सिडेंट केला तं भरपाईसाठी तुम्हालाच ओढतात. दुसरं, नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सूट, गाडीचा नसते, तुमचा असते. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीच्या विम्यात ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट भेटते. शोरूमवाला हे आपण होऊन सांगत नाही, निदान मला तं कोणी सांगितलं नव्हतं.

व्हर्टस वाईट आहे का? अजिबात नाही. १.५ टर्बो, १५० पीएस अन् २५० एनएम, ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत २०२३ ला ५ स्टार, ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिलिमीटर. तुमच्या अबार्थचं १५५. काळ्या मातीवरची सडक दर पावसाळ्यात कशी फुगते-बसते ते तुम्हाला सांगायला नको, अन् प्रत्येक गावापुढचे घरगुती स्पीडब्रेकर, अन् रपट्यावरून उतरताना पोटाखाली जो आवाज येते तो अबार्थवाल्यालाच माहीत. पोरगी मागच्या सीटवर बसणार असेल तं ५ स्टार अन् सहा एअरबॅग ही गंमत नाही, तुमच्या गाडीत दोनच आहेत. हा मुद्दा मी मनापासून मान्य करतो, खरं म्हणजे नवीन गाडीच्या बाजूनं हाच एक मुद्दा असा आहे ज्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण गाडी ऑन-रोड बरीच महाग पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलल्यावर एवढ्या लांबीच्या गाड्यांवर सेस जाऊन सरळ ४० टक्के झाला, म्हणजे आधीच्या ४५ पेक्षा थोडं हलकं, पण १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर आपला १२ टक्के रोड टॅक्स आहेच अन् तो पहिल्याच दिवशी गेला. कापसाच्या भावावर घर चालते तिथं पाच वर्षांचा हप्ता कितीचा ते आधी वहिनींसोबत बसून पाहा. अन् घेतलीच तं भेटत असेल तोवर मॅन्युअल पाहा, तो सात गिअरवाला ड्राय क्लचचा ऑटोमॅटिक चालवायला फार गोड आहे पण वॉरंटी संपल्यावर त्याचंही काम नागपूरच.

मजा मात्र तशी येणार नाही, हेही सांगून ठेवतो. पुंटोचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, जड आहे, यवतमाळच्या घाटात सडक तळहाताला कळते. आताच्या गाड्यांत ते इलेक्ट्रिक झालं, हलकं, बरोबर, बेचव. ज्याला याचा फरक पडत नाही त्यानं खुशाल बदलावी. तुम्ही प्रश्नात तीन वेळा स्टिअरिंगच काढलं म्हणून म्हणतो, तुम्हाला पडते.

तं तुमच्या जागी मी असतो तं हे केलं असतं. आधी साडेतीन-चार लाखांत एक साधी, दोन एअरबॅगवाली सेकंडहँड वॅगन-आर किंवा स्विफ्ट घेतली असती, जिचा पार्ट दारव्ह्यात भेटते. वहिनी तिच्यावर शिकतील, अबार्थच्या जड क्लचवर शिकवायला जाल तं क्लचही जाईल अन् घरची शांतताही. मग अबार्थ नागपूरला नेऊन वर सांगितलेलं सगळं तपासलं असतं. काम लाखाच्या आत असेल तं करून ठेवून दिली असती, रविवारी अन् समृद्धीला काढायला. टर्बो अन् हेड दोन्हीचं काम निघालं तं जशी आहे तशी, काहीही न लपवता, शौकिनाला विकली असती. अन् छपराखाली जागाच नसेल, दोन-दोन गाड्या उन्हात उभ्या राहणार असतील, तरी विकलीच असती, कारण उभी राहून मरणाऱ्या अबार्थ मी पाहिल्या आहेत. व्हर्टस घ्यायची इच्छा एक हंगाम गेल्यावरही तशीच राहिली तं तेव्हा घ्या, तोवर सुरुवातीच्या मालकांनी विकलेल्या तीन-चार वर्षांच्या चांगल्या व्हर्टस बाजारात अजून खाली येतील अन् पहिला मोठा घसारा दुसऱ्यानं सोसलेला असेल.

रिमॅप केली असेल, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललं असेल, तं तेही इथं लिहा, विमा कंपनीला कळवलं नसेल तं क्लेमच्या वेळी तेच आडवं येते. अन् टायमिंग बेल्टचं बिल घरात सापडलं तं तारीख अन् किलोमीटर टाका, नाही सापडलं तं तसं सांगा, नागपूरचा जो मिस्त्री माझी लिनिया पाहते त्याचा नंबर मेसेजमध्ये पाठवतो.