चिठ्ठी नसलेली पिशवी

चि.,
अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्यात ग्रीसला उत्खननावर जायला मिळतंय, हे वाचून बरं वाटलं. पण पत्रात तू ट्रॉय शोधायला निघालेल्या श्लीमानचं नाव तीनदा घेतलंस, म्हणून हा खटाटोप.

त्याचा हट्ट मलाही आवडतो. पण ग्रीक महाकवी होमरच्या काव्यातलं ट्रॉय तळाशीच असणार असं धरून त्याने १८७१ ते १८७३ मध्ये तुर्कस्तानातल्या हिसार्लिकच्या टेकडीच्या पोटातून भलामोठा चर काढला आणि वरचे थर उकरून फेकले. ‘प्रायमचा (म्हणजे ट्रॉयच्या राजाचा) खजिना’ म्हणून मिरवलेलं सोनं होमरच्या ट्रॉयहून हजारेक वर्षं जुनं निघालं. वर लिहून ठेवलं की बायकोने, सोफियाने, ते शालीत लपवून नेलं. ती तेव्हा अथेन्समध्ये होती! खणलेला थर परत खणता येत नाही. मागे राहते ती वही, आणि तीच अशी.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. पहिल्या वर्षी खापरांच्या एका पिशवीतली, ती कोणत्या थरातली हे सांगणारी चिठ्ठी पावसात भिजून शाई पसरली. ‘बहुतेक तिसरा थर’ असं लिहून मी मोकळा झालो. माझ्या सरांनी ती तीन-चार किलो खापरं माझ्यादेखत ढिगाऱ्यावर ओतली. बोलले काहीच नाहीत.

तू ॲलिस कोबरबद्दल वाच. दिवसा ब्रुकलिन कॉलेजात शिकवायचं, रात्री लिनिअर बी ही ग्रीस-क्रीटमधल्या मातीच्या पाट्यांवरची, तेव्हा कुणालाच न वाचता येणारी प्राचीन लिपी घेऊन बसायचं. युद्धात कागद मिळेना, तेव्हा तिने चर्चची पत्रकं, शुभेच्छापत्रं, लायब्ररीच्या चिठ्ठ्या कापून कार्डं केली आणि सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवली. लाख-दीड लाखाच्याही वर! भाषा कोणती असेल याचा तर्क करायचाच नाही, असा तिचा नेम. कोणतं चिन्ह कशाशेजारी येतं, एवढंच टिपायचं. त्यातूनच शब्दांचे शेवट विभक्तीसारखे बदलतात हे तिने दाखवलं. १९५० मध्ये ती गेली, वय ४३. दोन वर्षांनी मायकेल व्हेन्ट्रिसने लिपी उलगडली. तो पेशाने वास्तुरचनाकार. भाषा निघाली ग्रीक.

सगळ्यांना ते पटलं नव्हतं. मग ब्लेगेन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९५२ मध्ये ग्रीसमधल्या पायलॉसला सापडलेली एक मातीची पाटी साफ करून व्हेन्ट्रिसची अक्षरं लावून पाहिली. ‘ति-रि-पो-दे’, आणि शेजारी तीन पायांच्या भांड्याचं चित्र. (आपली तिपाई आठवली ना?) पुढे चार कानांचं भांडं, तीन कानांचं, आणि एक ‘अ-नो-वे’, म्हणजे बिनकानी. चित्रातही कान नाही. आपण भांड्याच्या कडीला कान म्हणतो, तेही म्हणत. ही पाटी मी किती विद्यार्थ्यांना दाखवली असेन, दर वेळी अंगावर काटा येतो.

जर्मन आतापासून शीक, जुने अहवाल त्याशिवाय वाचता येणार नाहीत. सोबत डझनभर शिसपेन्सिली पाठवतोय. पिशवीतल्या चिठ्ठ्या त्यांनीच लिही. तिकडे पेन देतील, घेऊ नकोस.

तुझा,
सर