कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 च्या व्हॅक्युम नळ्या कुठून कुठं जातात ते कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न वाचला. वडिलांची 1997 ची 800, खानापुरात शेडमध्ये बरीच वर्षं उभी, उंदरांनी नळ्या कुरतडल्या, मेकॅनिकनं उरलेल्या अंदाजानं जोडल्या नि कार्ब्युरेटरवरची दोन-तीन तोंडं (जिथं नळ्या बसतात ती) बोल्ट घालून बंद केली, आता आयडलिंगला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) गाडी वरखाली होते, मधूनच बंद पडते आणि एमिशन टेस्टला एचसी (न जळलेलं पेट्रोल) जास्त दाखवतंय. आणि तुम्हाला पाहिजे नळ्यांचा नकाशा.

नकाशाच्या मागं लागू नका आधी. नेटवर सुझुकी, व्हॅक्युम असं शोधलं की अमेरिकेत विकलेल्या सामुराई जीपचे नकाशे समोर येतात, ते 1.3 लिटरचं इंजिन, तिकडचे एमिशनचे नियम वेगळे, नळ्या कितीतरी जास्त, आपलं 796 सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन त्यात बसतच नाही. आणि आपल्या 800 मध्ये तरी सगळ्या सारख्या कुठं आहेत, एसी आहे का नाही यावर बदलतात, 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा) सक्तीचा झाला म्हणजे तुमची गाडी मूळची मुंबईची असून नंतर केए 22 म्हणजे बेळगावच्या नंबरवर आली असेल तर अजून वेगळं. त्यामुळं माझं म्हणणं असं की कुठली नळी कुठली हे नळीकडं बघून ठरवायचंच नाही, ती ज्या तोंडातून निघते त्या तोंडाला कधी ओढ (म्हणजे व्हॅक्युम) असते ते बघायचं. तेवढं कळलं की बाकीचं कोडं सुटतं.

करायचं काय, फिल्टरचा डबा काढा (त्याच्या नळ्यांना आधी मास्किंग टेप लावून पेननं नाव लिहा, फोटो तर काढाच), इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा, आणि एकेका तोंडाची नळी काढून बोट लावून बघा. एका वेळी एकच नळी हां, एक परत बसवल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. बोटाला जोरात ओढ लागली आणि नळी काढल्याबरोबर रनिंग बिघडलं तर ते थ्रॉटलच्या (हवा कमीजास्त करणाऱ्या पानाच्या) खालचं तोंड, म्हणजे मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधून सिलेंडरकडं जाणारा मार्ग) व्हॅक्युम, आयडलिंगला ही ओढ भरपूर असते. आयडलिंगला काहीच लागत नाही पण हातानं थ्रॉटल थोडा उघडला की ओढ चालू होते, ते थ्रॉटलच्या पानाच्या जरासं वर असलेलं भोक. बंद थ्रॉटलला ते पानाच्या वर राहतं, उघडलं की पान त्याच्यावरून सरकतं आणि ते व्हॅक्युममध्ये येतं. या दोघांची अदलाबदल झाली की गाडी कधीच नीट चालत नाही, आणि मी बघितलंय तिथं नव्वद टक्के गोंधळ हाच असतो. तिसरा प्रकार म्हणजे ज्यात ओढ अशी नसतेच, फ्लोट बाऊलचा (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीचा) व्हेंट वगैरे, तो कधी बोल्ट घालून बंद करायचा नाही.

आता कुणाला काय लागतं ते. ब्रेक बूस्टर असेल तर त्याची जाड नळी थेट मॅनिफोल्डवर, मध्ये वन-वे व्हॉल्व्ह, फुंकून बघितलं की इंजिनच्या दिशेनंच वारं जायला पाहिजे. पीसीव्हीची (इंजिनच्या आतल्या वाफा परत ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हची) नळीपण मॅनिफोल्डलाच, व्हॉल्व्ह काढून हलवला तर खडखडायला पाहिजे, नाही वाजला तर आत तेलाचा चिकटा बसलाय. एसीवाल्या गाडीत आयडल वाढवायचा डायफ्राम (व्हॅक्युमनं हलणारा पडदा) असतो, तो सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या) व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डकडं. डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे ठिणगीची वेळ पुढं घेणारा, व्हॅक्युम अॅडव्हान्स मात्र बहुतेक त्या दुसऱ्या, थ्रॉटल उघडल्यावर ओढणाऱ्या तोंडाला. त्याची नळी तोंडानं ओढून जीभ लावून धरा, ओढ टिकली तर डायफ्राम चांगला, सुटली तर फाटलाय.

इंजिनच्या पाण्यात बसवलेला, वर दोन नळ्यांची तोंडं असलेला एक छोटा व्हॉल्व्ह असेल तर तो उष्णतेवर चालतो, थंड असताना बंद नि इंजिन तापलं की उघडा. ईजीआरला (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा कोळशाच्या डब्याकडं (टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा) जाणारी नळी त्यातून जाते, म्हणून थंड गाडीवर फुंकून ‘ही चोक झालीय’ असं ठरवू नका. ईजीआर असेल तर आयडलिंगला त्याच्या डायफ्रामला व्हॅक्युम द्या, गाडी अडखळायला किंवा बंद पडायला पाहिजे, काहीच फरक नाही म्हणजे रस्ता काजळीनं बंद आहे. कोळशाच्या डब्याला एक नळी टाकीकडून वाफ आणते नि एक इंजिनकडं नेते, या दोन उलट्या लागल्या तर आसपास पेट्रोलचा वास येत राहतो.

नळी तपासताना टोकाचा अर्धा इंच नीट बघा. वरून काळी, छान दिसते, पण क्लिपच्या खाली बरोबर तिथंच उभी चीर असते, थंड असताना मिटलेली नि इंजिन तापून रबर मऊ झालं की उघडते. नळी वाकवून नखानं उकलून बघा. प्लॅस्टिकचे टी जॉईंटपण असेच, तोंड आत मोडून राहतं नि बाहेरून जोडलेलं दिसतं.

नव्या नळ्या घेताना व्हॅक्युमच्या म्हणूनच घ्या, जुनं टोक सोबत न्या. आमच्याकडं सलाईनची नळी, औषध फवारायच्या पंपाची नळी सर्रास लावतात, ती तापली की मऊ होऊन आतल्या आत चपटी होते आणि मग व्हॅक्युम पोचतच नाही. सिलिकॉनची दिसायला चांगली पण पेट्रोलच्या वाफेला नि तेलाला चालत नाही, कोळशाच्या डब्याच्या नि पीसीव्हीच्या जागी रबराचीच, पेट्रोलला चालणारी.

गळती शोधायला गरम सायलेन्सरजवळ कार्ब क्लीनर फवारू नका, आग लागते. एकेक नळी चिमट्यानं हळू दाबा, रनिंग सुधारलं की तीच. पंख्याजवळ हात सांभाळा, इलेक्ट्रिक आहे, कधीही फिरतो.

व्हॅक्युम गेज मिळाला तर समुद्रसपाटीला 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) चांगलं मानतात, पण बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर, हजार फुटाला एक इंच कमी पकडायचं, म्हणजे इथं 15 ते 18 आलं तरी बरोबरच. खानापूर त्याहून खाली, तिथं थोडं जास्त येईल.

आणि मिक्श्चर स्क्रूला (आयडलिंगचं पेट्रोल कमीजास्त करणारा) हात लावू देऊ नका एवढं मी कळकळीनं सांगतो. वारं आत येतंय म्हणून मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालंय, ते जळत नाही म्हणून एचसी वाढलंय. स्क्रू सोडला की आयडलिंग बरं वाटतं पण सीओ (कार्बन मोनॉक्साइड) चढतं नि तुम्ही परत तिथंच. तुमच्या गाडीला (बीएस-2 या प्रदूषण नियमाच्या आधीची) सीओ 3 टक्के नि एचसी 1500 पीपीएमची मुभा आहे, नळ्या बरोबर असल्या तर ती सहज पास होते. चिठ्ठीवर सीओ किती आलाय ते बघा, अगदी कमी असेल तर व्हॅक्युम गळतीच धरा, जास्त असेल तर चोक अडकलाय का बघा.

फिल्टरचा डबा काढून कार्ब्युरेटरचा दोन्ही बाजूंनी फोटो टाका, आणि ज्या तोंडात बोल्ट घातलेत ती जवळून. कुठल्या तोंडाला कधी ओढ लागते तेपण लिहा, कुठलं कशाचं ते सांगतो.