हिऱ्याचं ग्रॅफाइट, ग्रॅनाइटची माती

प्रश्न : हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच. मग हिऱ्याचं कधी ग्रॅफाइट होईल का?

खरं तर व्हायलाच हवं. जमिनीवरच्या दाबाला आणि तापमानाला कार्बनचं स्थिर रूप ग्रॅफाइट हेच आहे. बहुतेक हिरे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली घडतात. किंबर्लाइट या खोलातून उसळणाऱ्या खडकाच्या शिलारसाने त्यांना झपाट्याने वर आणलं म्हणून ते वाचले. तापलेल्या वाटेत रेंगाळले असते तर वाटेतच ग्रॅफाइट झाले असते. इथे थंडाव्यात मात्र अणूंची घडण मोडायला लागणारी ऊर्जाच मिळत नाही. अंगठीतल्या हिऱ्याची काळजी नको.

प्रश्न : चुनखडीत शिंपले दिसतात. संगमरवर तिचाच बनतो, मग त्यात का दिसत नाहीत?

चुनखडी खोल गाडली गेली किंवा शेजारी शिलारस घुसला की ती तापते. पण वितळत नाही; हा गैरसमज फार आढळतो. घन अवस्थेतच कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचे, बारीक कण नव्याने स्फटिकतात, मोठे होतात, एकमेकांत गुंततात. शिंपलाही कॅल्शियम कार्बोनेटचाच, त्यामुळे त्याचा पदार्थ तिथेच राहतो, आकार तेवढा पुसला जातो. संगमरवरातल्या करड्या-हिरव्या शिरा बहुतेकदा मूळ चुनखडीतल्या चिकणमातीसारख्या भेसळीच्या असतात.

प्रश्न : कपाटात ठेवलेला स्फटिक वाढतो का?

नाही. त्याला खनिज विरघळलेलं पाणी किंवा शिलारस हवा. मेक्सिकोतल्या नायका खाणीत जिप्समचे दहा मीटरहून लांब स्फटिक वाढले, कारण ती गुहा दीर्घकाळ सुमारे 58 अंश सेल्सिअसच्या पाण्याने भरलेली होती.

प्रश्न : ग्रॅनाइट इतका टणक, त्याची माती कशी होते?

टणकपणा इथे फारसा कामाचा नाही. ग्रॅनाइट जमिनीखाली काही किलोमीटरवर, शिलारस सावकाश निवून बनला. वरचा आवरणखडक झिजून तो उघडा पडला की पाणी, प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड या सगळ्यांशी त्याची पहिल्यांदाच गाठ पडते. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होतं. ते ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पार या खनिजातलं पोटॅशियम, सोडियम काढून नेतं आणि मागे चिकणमाती उरते. काळ्या अभ्रकातलं लोह गंजतं, म्हणून कुजका ग्रॅनाइट तांबूस दिसतो. गारगोटीचे कण तेवढे सुटे होऊन वाळू बनतात.

भूवैज्ञानिक सॅम्युएल गोल्डिच यांनी 1938 मध्ये यातला क्रम मांडला : शिलारसातून जास्त तापमानाला आधी जमलेली खनिजं जमिनीवर लवकर कुजतात. ऑलिव्हिन हे हिरवट खनिज सर्वांत आधी, क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, सर्वांत शेवटी. जन्मस्थिती जितकी वेगळी, तितका इथे टिकाव कमी. मला हा नियम खडकांच्या वर्गीकरणाच्या तक्त्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

प्रश्न : मग खडक सतत बदलत असेल तर त्याचं वय कशावरून ठरवतात?

कणावरून, आणि कणाचं वय म्हणजे खडकाचं वय नव्हे. झिरकॉन हे खनिज स्फटिकताना युरेनियम आत घेतं, शिसं जवळपास घेतच नाही. युरेनियम-238 चा निम्मा भाग शिशात बदलायला सुमारे 447 कोटी वर्षं लागतात, म्हणून आत साठलेल्या शिशावरून जन्मकाळ काढता येतो. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉनचे काही कण सुमारे 440 कोटी वर्षांचे निघाले. ते ज्या गाळाच्या खडकात सापडले तो मात्र 300 कोटींच्या आसपासचा. ज्या मूळ खडकात हे कण जन्मले, तो केव्हाच झिजून गेलाय.