उत्क्रांतीचा सिद्धांत भाषा, संस्कृती, धंदा यांनाही लागू होतो का? अडचण नक्की कुठे येते?

तुम्ही विचारलंय की डार्विनचा सिद्धांत जीवशास्त्राबाहेर लावला तर घोळ कुठे होतो. एम.ए.ला तत्त्वज्ञान होतं तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो, लावता येतो, पण नक्की कशाची कॉपी होतेय ते दाखवता आलं तरच, आणि बहुतेक लोक तेवढंच सोडून बाकी सगळं बोलतात.

जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिनने १९७० मध्ये नैसर्गिक निवडीच्या, म्हणजे उत्क्रांती घडवणाऱ्या प्रक्रियेच्या, अटी तीनच सांगितल्या: एकेकात फरक हवा, त्या फरकामुळे कोणाची पिल्लं जास्त कोणाची कमी व्हायला हवीत, आणि तो फरक पुढच्या पिढीत उतरायला हवा. यात डीएनए कुठेच नाही, मग साहजिकच वाटतं की हे कशालाही लागू पडेल. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सने १९७६ मध्ये मीम, म्हणजे जनुकासारखी एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात कॉपी होत जाणारी कल्पना किंवा सवय, ही संकल्पना मांडली ती याच वाटेने.

आता मोदक घ्या. आई माझ्या बहिणीला उकडीचे मोदक शिकवत होती, त्या दिवशी उकड कोरडी झालेली आणि आईच्या कळ्या फाटत होत्या. बहीण फाटक्या कळ्या शिकली का? नाही ना, तिने पाण्याचा हात लावून उकड परत मळली आणि नीट कळ्या पाडल्या, कारण आईला काय करायचंय ते तिला कळलं होतं. डीएनएत चूक झाली की बहुतेक वेळा ती दुरुस्त होते, पण जी सुटते ती जशीच्या तशी पुढे जाते, "इथे काय असायला हवं होतं" हे कोणी विचारत नाही. संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्या डॅन स्पर्बरचा मुद्दा हाच आहे, माणूस कॉपी करत नाही तर समजून घेऊन परत नव्याने बनवतो. मग तीन पिढ्या मोदक सारखाच दिसला तर त्याचं कारण निवड की बोटं, तांदळाची पिठी आणि सगळ्यांच्या मनातली तीच आकृती? मला दुसरं जास्त पटतं.

संस्कृतीत माणूस मुद्दाम निवडतो म्हणून सिद्धांत बाद, असंही काही जण म्हणतात. ते मला पटत नाही, डार्विनने हा सिद्धांत मांडणाऱ्या १८५९ च्या पुस्तकाची सुरुवातच पाळीव कबुतरं पैदा करणाऱ्यांपासून केलीय, आणि तेही मुद्दामच निवडतात.

दुसरी खरी अडचण म्हणजे गोल गोल फिरणं. अमुक कंपनी का टिकली? फिट होती. फिट होती कशावरून? टिकली की! जीवशास्त्रात यातून सुटता येतं. गालापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर १९७७ च्या दुष्काळात मऊ बिया संपल्या, उरली ती आपल्या सराट्याच्या जातभाईची कडक काटेरी फळं, ती मोठ्या चोचीलाच फुटायची, आणि मोठ्या चोचीचे फिंच (तिथले छोटे पक्षी) जास्त जगले. चोच आधी मोजलेली होती, कोण मेलं ते नंतर कळलं. कंपन्यांच्या गोष्टीत ही "चोच" आधी मोजून ठेवलेली मला क्वचितच दिसते.

जिथे खरंच कॉपी होते तिथे मात्र मजा येते. हस्तलिखितं बघा, लेखनिकाची चूक पुढच्या प्रतीत उतरते, आणि १९९८ मध्ये जुना इंग्रजी कवी चॉसर याच्या कँटरबरी टेल्स या कथासंग्रहाच्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्राच्याच पद्धतींनी मांडली गेली. आपल्या ज्ञानेश्वरीचंही तसंच, शके १२१२ मध्ये सांगितलेला ग्रंथ नकला होत होत पाठभेदांनी भरला. पण शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला, म्हणजे ह्या एका प्रतीला आईबाप अनेक, आणि कुठला शब्द ठेवायचा ते ठरलं अर्थ बघून. वर त्यांनी सांगून ठेवलं की यात जो स्वतःची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा. पेशीतली दुरुस्ती करणारी एन्झाइम्स अक्षर जुळतंय का तेवढंच बघतात, ओवीचा अर्थ लावत बसत नाहीत. त्यामुळे एकनाथांच्या आधीच्या नकलांना झाडासारखी वंशावळ बऱ्यापैकी चालेल, पण ह्या प्रतीपाशी आल्यावर ती फांदी कुठे जोडायची ते मला अजून सुटलेलं नाही.