चाळीस टेस्ट, सात स्टार : ग्राफवर नेमकं दाखवायचं काय?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर. मी चिकोडी तालुक्यातला, अ‍ॅग्रीच्या एमएस्सीचं शेवटचं वर्ष करायलोय. उसाची ट्रायल हाय, अर्ध्या प्लॉटना जिवाणू खत दिलं आणि अर्ध्यांना नाही. फुटवे, उंची, कांड्या, ब्रिक्स (रसातली गोडी), पानातलं नत्र-स्फुरद-पालाश, मातीतलं काय काय, असं सगळं मिळून ४० गोष्टी मोजल्या आणि प्रत्येकीवर टी-टेस्ट लावली, म्हणजे दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक तपासला. ७ ठिकाणी पी-व्हॅल्यू (खताचा परिणाम नसतानाही एवढा किंवा जास्त फरक योगायोगाने दिसायची शक्यता) ०.०५ च्या खाली आली. त्या ७ चे बार ग्राफ काढून डोक्यावर स्टार लावले, गाइड म्हणाले मस्त दिसतंय. खरं सेमिनारला मागच्या बाकावरून एका सरांनी विचारलं, बाकीच्या ३३ कुठं गेल्या आणि करेक्शन केलंय काय? मला उत्तरच देता आलं नाही ओ. सात व्हॅल्यू अशा : फुटवे ०.०००२, पानातलं नत्र ०.०००९, एकरी वजन ०.००३, ब्रिक्स ०.००९५, मग ०.०२१, ०.०३४, ०.०४६. आता स्टार काढू की ठेवू? आणि ग्राफ कसला काढू?

उत्तर : मागच्या बाकावरच्या सरांचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि तो व्हायवाच्या आधीच आला हे तुमचं नशीब समजा.

खताचा कशावरच काडीचाही परिणाम नाही असं क्षणभर धरून चाला. तरी ०.०५ ची रेघ ठेवून ४० टेस्ट केल्या तर सरासरी २ ठिकाणी स्टार येणारच, आणि त्या ४० एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर निदान एक तरी खोटा स्टार निघायची शक्यता ८७ टक्के. यल्लम्माच्या जत्रेत रिंगा फेकायचा खेळ असतो बघा, ४० रिंगा फेकून दोन साबणाच्या वड्या मिळाल्या म्हणून कोण नेमबाज होत नाही, आणि वड्या तेवढ्या दाखवून हुकलेल्या रिंगा लपवल्या तर बघणाऱ्याला वाटणार काय नेम हाय गड्याचा. तुमच्या सात बारच्या ग्राफमध्ये नेमकं हेच झालंय. आकडे खोटे नाहीत, चित्र मात्र खोटं आहे.

म्हणून पहिलं काम, कुठलंही करेक्शन (टेस्ट जास्त म्हणून पास व्हायची रेघ कडक करणं) करायच्या आधी, ४० च्या ४० पी-व्हॅल्यूंचा हिस्टोग्राम काढा. ०.०५ रुंदीचे २० खण पाडायचे. कशातच फरक नसेल तर पी-व्हॅल्यू ० ते १ मध्ये सारख्या पसरतात, म्हणजे प्रत्येक खणात साधारण २, थोडं कमीजास्त चालतं. तुमच्या पहिल्या खणात ७ आहेत. म्हणजे तिथं काहीतरी खरं आहे, सातही मात्र खरे नाहीत, अंदाजे दोनेक त्यात फुकटचे आलेले असणार. कुठले ते हिस्टोग्राम सांगत नाही. खरं दुसरं एक सांगतो जे लई जण बघतच नाहीत : पी-व्हॅल्यूंचा ढीग मधेच कुठंतरी किंवा १ च्या बाजूला साचला असेल तर टेस्टच चुकीची लागली असण्याची शक्यता, जोडीतले प्लॉट वेगवेगळे धरले किंवा असंच काहीतरी, आणि मग करेक्शन करून काही उपयोग नाही, आधी मूळ गणित तपासायला पाहिजे.

आता करेक्शन. जुना आणि सोपा मार्ग बोनफेरोनीचा, ०.०५ ला ४० ने भागा, ०.००१२५ आलं, त्याच्या खाली तुमचे दोनच बसतात, फुटवे आणि नत्र. हा मार्ग कडक आहे कारण त्याला एकसुद्धा खोटा स्टार नको असतो. दुसरा मार्ग बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांचा, १९९५ चा, तो म्हणतो की चाचपणीच्या कामात थोडे खोटे आले तरी चालतील, खरं आपण ज्यांना सिग्निफिकंट म्हणतो त्या यादीत खोट्यांचा वाटा सरासरी ५ टक्क्यांच्या वर जायला नको. तुमच्यासारख्या ट्रायलला मला हाच बरा वाटतो. तुमचे गुण एकमेकांशी बांधलेले आहेत, फुटवे जास्त तर वजन जास्त, खरं अशा एकाच दिशेने चालणाऱ्या संबंधात ही पद्धत टिकते हे बेंजामिनी आणि येकुतिएली यांनी २००१ मध्ये दाखवलंय.

याचं चित्र एक्सेलमध्ये काढता येतं, आर हे सॉफ्टवेअर शिकायची वाट बघू नका. एका कॉलममध्ये ४० पी-व्हॅल्यू लहानापासून मोठ्यापर्यंत लावा, शेजारी नंबर १ ते ४०, तिसऱ्या कॉलममध्ये नंबर गुणिले ०.०५ भागिले ४०. आता नंबर आडव्या अक्षावर, पी-व्हॅल्यूंचे ठिपके आणि तिसऱ्या कॉलमची तिरकी रेघ, दोन्ही एकाच ग्राफवर. रेघेखाली किंवा रेघेवर असलेला सगळ्यात उजवीकडचा ठिपका शोधायचा, तो आणि त्याच्या डावीकडचे सगळे पास, मधला एखादा रेघेच्या वर गेला असला तरीही तो पास. इथं पोरं चुकतात, डावीकडून मोजत जातात आणि पहिला वर गेलेला दिसला की थांबतात.

तुमचं करून बघितलं. पहिल्याची मर्यादा ०.००१२५, पास. दुसऱ्याची ०.००२५, पास. तिसऱ्याची ०.००३७५ आणि तुमचं एकरी वजन ०.००३, पास झालं म्हणायचं. ब्रिक्सची मर्यादा ०.००५ आणि तुमचा आकडा ०.००९५, गेला. पुढचे तिन्ही गेले, आणि आठव्यापासून पुढं मर्यादा वाढत गेली तरी चाळीसाव्याचीसुद्धा ०.०५ च असते, ती तुमच्या उरलेल्या ३३ पैकी कोणालाच गाठता येत नाही. म्हणजे सातातले तीन राहिले. ५ ऐवजी १० टक्के खोटे चालतील असं आधीच ठरवलं असतं तर ब्रिक्ससुद्धा आला असता, त्याची मर्यादा ०.०१ झाली असती. आता आकडे बघून १० टक्के ठरवू नका म्हणजे झालं.

एक विचारतो, सिनॉप्सिसमध्ये (ट्रायलच्या आधी दिलेल्या आराखड्यात) मुख्य गोष्ट म्हणून एकरी वजन लिहिलं होतं काय? लिहिलं असेल तर ते या चाळिसाच्या गर्दीत घालायचं कारणच नाही, ते एकटं ०.०५ ला तपासा आणि उरलेल्या ३९ चं वेगळं करेक्शन करा. लिहिलं नसेल तर आता लिहू नका.

थिसिसमध्ये छापायचा मुख्य ग्राफ मात्र वेगळा पाहिजे, पी-व्हॅल्यूंचा नाही. शेतकऱ्याला पी-व्हॅल्यूचं काय, त्याला विचारायचंय एकरी किती टन वाढला. चाळीसही गुणांची उभी यादी करा, प्रत्येकापुढं खतामुळं किती टक्के फरक पडला त्याचा ठिपका आणि दोन्ही बाजूला विश्वासमर्यादेची (खरा फरक ज्या टप्प्यात असावा त्याची) आडवी काडी, मधे शून्याची उभी रेघ. टक्के घेतल्यामुळं टन आणि ब्रिक्स एका पट्टीवर येतात. फरकाच्या क्रमाने लावा, ए टु झेड नको. करेक्शननंतर टिकलेले तीन भरीव ठिपके, बाकीचे पोकळ. लाल-हिरवं करू नका, काहींना ते दोन रंग वेगळे दिसतच नाहीत आणि एक्स्टर्नल परीक्षकाच्या हातात शेवटी काळी-पांढरी झेरॉक्सच पडते. काड्या ९५ टक्क्यांच्या ठेवल्या तर सात काड्या शून्य ओलांडून जाणार नाहीत आणि भरीव ठिपके तीनच, मग वाचणारा गोंधळणार, म्हणून खाली स्पष्ट लिहा की काडी बिनकरेक्शनची आहे. नाहीतर बोनफेरोनीच्या हिशोबाने ९९.८७५ टक्क्यांच्या काढा, त्या दीडपटीहून थोड्या जास्त लांब होतात आणि शून्य टाळणाऱ्या दोनच उरतात. आणि काडी म्हणजे एसडी (आकड्यांचा पसारा), एसई (सरासरीतली अनिश्चितता) की विश्वासमर्यादा हे लिहायला विसरायचं नाही, आपल्याकडच्या निम्म्या थिसिसमध्ये ते कळतच नाही असं माझं मत.

गाइड म्हणतील एवढं कशाला, तर त्यांना माशाची गोष्ट सांगा. २००९ मध्ये अमेरिकेत क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि हजारो ठिपक्यांवर वेगवेगळी टेस्ट लावली तर करेक्शनशिवाय मेलेल्या माशाच्या मेंदूत रंगीत डाग उमटले, करेक्शन केल्यावर गायब. २०१२ ला त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

प्रश्न : सर, खानापूरहून लिहितेय. भाताच्या १६ जातींची तुलना आहे, त्यातली एक इंद्रायणी आमची चेक (तुलनेसाठी ठरलेली जात). आमच्या डिपार्टमेंटात टेबलाखाली सीडी ५ टक्के (निदान एवढा फरक असला तरच दोन जाती वेगळ्या धरायच्या) लिहायची पद्धत आहे आणि बारवर ए, बी, एबी अशी अक्षरं, अक्षर समान तर फरक धरायचा नाही. हे चालेल ना?

उत्तर : १६ जातींच्या जोड्या होतात १२०. सगळ्या जाती सारख्याच असत्या तरी सीडीच्या पट्टीने सरासरी ६ जोड्या वेगळ्या दिसल्या असत्या, कारण ती पट्टी एकेका जोडीसाठी आहे. आधी एफ-टेस्ट (सगळ्या जातींत मिळून कुठं तरी फरक आहे का ते बघणारी) पास झाली मगच सीडी लावली, हे उत्तर अर्धवट आहे. दोनच जाती खरोखर वेगळ्या असल्या तरी एफ पास होऊ शकतो आणि उरलेल्या जोड्यांना मोकळं रान मिळतं. सगळ्या जोड्या खरंच बघायच्या असतील तर टुकीची टेस्ट वापरा, ती सगळ्या जोड्यांचा एकत्र हिशोब धरते. खरं मला वाटतं तुमचा प्रश्न नवीन जात इंद्रायणीपेक्षा बरी की नाही एवढाच आहे, मग तुलना १५ च आणि त्यासाठी डनेटची टेस्ट आहे, फरक पकडायची ताकद जास्त राहते. ग्राफमध्ये इंद्रायणीची उभी रेघ काढा आणि १५ जाती तिच्यापासून किती क्विंटल इकडंतिकडं ते दाखवा.

अक्षरं ठेवायचीच असली तर जाती उत्पादनाच्या क्रमाने लावा, नाहीतर ए-बीसीडी-बीसी असा कोबीभाजीसारखा पसारा होतो. आणि दोघींना एकच अक्षर आहे म्हणजे दोघी सारख्या असं लिहू नका हं, फरक सिद्ध झाला नाही एवढंच.

प्रश्न : बेळगावात मेडिकलला आहे. जेनेटिक्सच्या पेपरमधल्या मॅनहॅटन प्लॉटवर रेघ ७.३ वर का असते?

उत्तर : या प्लॉटवर प्रत्येक ठिपका म्हणजे एका व्हेरिएंटची (डीएनएतल्या माणसागणिक बदलणाऱ्या जागेची) टेस्ट, आडव्या अक्षावर त्याची जिनोममधली (सगळ्या डीएनएमधली) जागा, आणि उभ्या अक्षावर पी-व्हॅल्यूचा दहाच्या पायाचा उणे लॉग असतो, त्यामुळं लहान पी वर जातो, ०.०५ तिथं जेमतेम १.३ वर येतं. अख्ख्या जिनोममध्ये साधारण दहा लाख स्वतंत्र टेस्ट धरतात, ०.०५ ला दहा लाखांनी भागलं की ०.०००००००५, त्याचा उणे लॉग ७.३. म्हणजे वर चिकोडीच्या भावाला सांगितलेलं बोनफेरोनीच, फक्त भाजक मोठा. रेघेच्या वर एका जागी शंभरेक ठिपक्यांचा मनोरा दिसला तर ते शंभर शोध धरू नका. शेजारचे व्हेरिएंट वारशाने बरोबरच येतात, त्यामुळं बहुतेक वेळा अख्खा मनोरा मिळून एकच सिग्नल असतो, आणि त्यातला सगळ्यात उंच ठिपका हाच कारण असलेला व्हेरिएंट असेल असंही नाही.