टॉय ट्रेनचे फोटो काढायचेत? मग गाडीतून खाली उतरा!

प्रश्न: नोव्हेंबरात दार्जिलिंगला चाललोय, घूमपर्यंतच्या टॉय ट्रेन जॉयराइडचं (जाऊन-येऊन फेरी) बुकिंग करायचंय. वाफेच्या इंजिनाचे भारी फोटो हवेत. पुढच्या डब्यातली सीट घेऊ की मागच्या? (एक वाचक, सांगली)

खरं सांगू का, फोटोसाठी कुठलीच नको. गाडीत बसलं की इंजिन दिसतं ते फक्त वळणावर, आणि तेव्हा प्रत्येक खिडकीतून एकेक मोबाइल बाहेर आलेला असतो, म्हणजे फोटोत इंजिन कमी आणि लोकांचे हातच जास्त. जॉयराइड जरूर करा, मजा येते, पण फोटोसाठी एक सकाळ वेगळी ठेवा आणि त्या दिवशी रस्त्यावर उभे राहा. दोन फूट अंतराचे रूळ हिल कार्ट रोडला, म्हणजे इथल्या मुख्य रस्त्याला, चिकटूनच जातात, मध्येच रस्ता ओलांडतात, दुकानांच्या दारातून जातात, आणि गाडी इतकी हळू की टॅक्सी केलीत तर तिला मागे टाकून पुढच्या वळणावर आरामात उतरता येतं. (ट्रॅफिक लागलं तर गाडीच जिंकते, ते सोडा.)

आता महत्त्वाचं. घूम स्टेशन २,२५८ मीटरवर आहे आणि दार्जिलिंग त्याच्या खाली, म्हणजे जाताना चढ आणि येताना उतार. इंजिन चढावर जोर लावतं तेव्हाच धुराड्यातून ठोके देत धूर आणि वाफ फेकतं, उतारावर ते नुसतं घरंगळत येतं, फोटोत मग गॅस बंद केलेल्या कुकरसारखं दिसतं. त्यामुळे जातानाचीच गाडी पकडायची.

वाटेत बतासिया लूपला (इथे रूळ गोल फिरून स्वतःलाच ओलांडतात) गाडी साधारण दहा मिनिटं थांबते, मागे कांचनजंगा, सगळी पब्लिक इंजिनासमोर सेल्फी काढत असते. काढू दे. तुम्ही जरा लांब, बाजूला उभे राहा आणि शिट्टीची वाट बघा. सुटताना ड्रायव्हर सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी बाहेर सोडतो तेव्हा चाकांजवळून पांढरे फवारे उडतात, अर्धं इंजिन त्यात गायब होतं, पाच-दहा सेकंदांचा खेळ असतो पण अख्ख्या ट्रिपचा फोटो तोच. माणसांनाही विसरू नका. ही बी क्लास इंजिनं, १८८९ पासून बनवलेली, कोळसा केबिनच्या पुढे बॉयलरवरच भरलेला असतो, तिथे बसून एक जण हातोडीने ढेकळं फोडत असतो आणि रूळ ओले असले की चाकं घसरू नयेत म्हणून पुढच्या बंपरवर बसून वाळू टाकणाराही कधीकधी दिसतो. मला विचाराल तर कांचनजंगापेक्षा हा कोळसावाला जास्त बघण्यासारखा.

आणि हो, बुकिंग करताना गाडी स्टीमची आहे की डिझेलची ते नीट बघा, दोन्ही असतात.

प्रश्न: माझ्या फोटोंत वाफ एकदम पांढरीफट्ट, तिच्यात काहीच दिसत नाही, शटर स्पीड किती ठेवायचा तेही कळत नाही. (एक वाचक, पुणे)

इंजिन गडद असतं, ते फ्रेमभर आलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो सगळंच उजळवतो आणि वाफ जळते, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, इंजिनाचा काळोख नंतर उचलता येतो पण जळालेली वाफ काही परत येत नाही. मोबाइलवर असाल तर वाफेवर बोट ठेवून ब्राइटनेस खाली ओढा, झालं. सकाळच्या थंडीत वाफ दाट दिसते, दुपारी हवा तापली की बाहेर पडल्या पडल्या विरते, म्हणून पहिली गाडी सोडू नका. ऊन वाफेच्या मागून येत असेल तर अजून छान. शटर १/२५० सेकंद पुरे, गाडी कुठे पळतेय! पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो, करायचं असेल तर १/३० सेकंद, किंवा त्याहूनही संथ. आणि चाकांना जोडणारा दांडा खाली आलेला असताना क्लिक करा, चाकं मोकळी दिसतात.

हॉटेलच्या उबेतून बाहेर पडून परत आत येताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवा, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

प्रश्न: एवढं लांब जाण्यापेक्षा माथेरानला नाही का मिळणार? (एक वाचक, बदलापूर)

नेरळ-माथेरान १९०७ची, रूळही दोन फुटीच, पण रोजच्या गाड्या डिझेलवर. वाफ हवी असेल तर दुसरा पर्याय उटीचा, मेट्टुपालयम ते कुन्नूर, तिथे चढ इतका खडा की रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवलीय. फक्त एक लक्षात ठेवा, तिथे चढताना इंजिन मागून ढकलतं. पुढे जाऊन उभे राहिलात तर समोरून आधी डबा येईल आणि त्याच्या बाल्कनीत झेंडा घेऊन उभा ब्रेक्समन, इंजिन सगळ्यात शेवटी. जागा निवडताना तेवढं बघा, आणि कुन्नूरच्या पुढे डिझेल लागतं, सो मेमरी कार्ड आधीच वापरा.